काउंटीचा एक आकडा, त्यात चार हिशेब

अमेरिकेतल्या एखाद्या शेतीप्रधान काउंटीला वर्षभरात किती पीक-अनुदान मिळालं, हा आकडा सहज मिळतो. (काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय भाग, एकट्या आयोवात अशा ९९ आहेत.) तो घ्यायचा, शेजारी मक्याचं क्षेत्र मांडायचं आणि ‘अनुदानामुळे मका वाढला का?’ असं विचारायचं, हा मोह होतोच. पण त्या बेरजेत वेगवेगळ्या नियमांनी दिलेले पैसे एकत्र झालेले असतात.

आधी ‘प्राइस लॉस कव्हरेज’ बघू. २०१४ च्या शेती कायद्यात मक्याचा संदर्भ भाव बुशेलला ३.७० डॉलर होता. हंगामाचा सरासरी भाव त्याखाली गेला की फरक मिळतो. पण कशावर? यंदाच्या पेऱ्यावर नाही, तर जुन्या पेरणीच्या नोंदींवरून ठरलेल्या ‘बेस एकर’वर, तेही ८५ टक्केच. समजा १०० बेस एकर आहेत, नोंदलेलं उत्पादन एकरी १२० बुशेल आणि भाव ३.४० डॉलर. मग १०० × ०.८५ × १२० × ०.३० = ३,०६० डॉलर. त्या जमिनीत यंदा सोयाबीन पेरलं असलं, तरी रक्कम हीच!

आता २०१८ ची व्यापारयुद्धातली मदत घ्या. ती प्रत्यक्ष उत्पादनावर होती: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला फक्त १ सेंट. पुढच्याच वर्षी नियम बदलला. २०१९ मध्ये प्रत्येक काउंटीला एकरी १५ ते १५० डॉलर यांमधला एकच दर ठरला आणि पात्र पिकांपैकी कोणतंही पेरलं तरी तोच लागू झाला.

म्हणजे एक रक्कम जुन्या नोंदींवर, दुसरी उत्पादनावर, तिसरी पेरलेल्या क्षेत्रावर. या तिघींची बेरीज करून पेरणीवरचा ‘परिणाम’ काढला, तर तो नेमका कशाचा, हे सांगता येणार नाही.

चौथा हिशेब बेरजेत दिसतच नाही. पीक विम्याच्या हप्त्यावरचं अनुदान विमा कंपन्यांमार्फत जातं, म्हणून फार्म सर्व्हिस एजन्सीच्या पेमेंट फाइलमध्ये ते नसतं. त्याची काउंटीनिहाय आकडेवारी रिस्क मॅनेजमेंट एजन्सीकडून वेगळी घ्यावी लागते.

फाइल उघडल्यावर दोन गोष्टी तपासा. पहिली, वर्ष. कार्यक्रमाचं वर्ष आणि पैसे दिल्याची तारीख हे वेगळे रकाने आहेत. २०१९ च्या पिकाचं प्राइस लॉस कव्हरेज ऑक्टोबर २०२० नंतर हातात पडलं. दुसरी, ठिकाण. काउंटीचा कोड आणि पैसे घेणाऱ्याचा पत्ता एकाच जागचे असतील असं नाही.

आणि ज्याच्या नावावर पैसे जमा झाले, त्याच्याच खिशात ते राहिले असंही नाही. बॅरेट कर्वन यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, अनुदानाच्या वाढीव डॉलरमधले सुमारे २५ सेंट वाढलेल्या खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जातात. ‘शेतकऱ्याला इतके मिळाले’ असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी, कसणारा की मालक, हे ठरवावंच लागतं.

त्यामुळे रिग्रेशन नंतर. आधी एक साधा तक्ता करा: कार्यक्रम, पैसे कशावर मिळतात, कोणत्या वर्षासाठी, कोणाला. तुमच्या प्रश्नाला यातली कोणती ओळ लागू आहे ते ठरलं, की मगच बेरजेला हात घाला.