टायमिंग बेल्ट सांगून तुटत नाही



आज पिकाचं नाही, दारातल्या चारचाकीचं बोलू. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे सेकंडहँड डिझेल गाडी आहे. लग्नकार्याला तीच, मार्केटला तीच आणि रात्री-अपरात्री दवाखान्यातही तीच.

ट्रॅक्टर वापरून आपल्याला एक सवय लागलेली असते. आवाज बदलला, धूर वाढला की मग मिस्त्रीकडे न्यायचं. ट्रॅक्टरला हे बऱ्यापैकी चालून जातं, कारण त्याच्या इंजिनाचं टायमिंग सहसा लोखंडी गिअरवर असतं. अनेक कारमध्ये मात्र हेच काम दातेरी रबरी पट्टा करतो, तोच टायमिंग बेल्ट. तो कव्हरच्या आत असतो, दिसत नाही. बहुतेक वेळा आदल्या दिवसापर्यंत गाडी अगदी गोड चालते आणि दुसऱ्या दिवशी बेल्ट तुटतो.

तुटला की काय होतं? खालचा क्रँक दोनदा फिरला की वरचा कॅम एकदा फिरतो, ही जोडी बेल्ट सांभाळतो. इंजिन २००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो-मिटतो. बेल्ट गेला की कॅम थांबतो, पण पिस्टन वेगात वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. डिझेल इंजिनात वर जागा फारच थोडी असते. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही. बेल्टचा खर्च त्यापुढे किरकोळ. काही इंजिनांत ही टक्कर होत नाही, गाडी फक्त बंद पडते. पण आपली गाडी त्यातली आहे असं धरून चालू नका.

बेल्ट सगळ्या गाड्यांना नसतो. जुनी इनोव्हा २.५ डिझेल, डस्टर डिझेल, जुनी इंडिका डिझेल, अल्टो ८०० यांना बेल्ट आहे. स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल आणि इनोव्हा क्रिस्टा डिझेल यांना चेन आहे. चेन जास्त टिकते आणि सैल झाली की बहुधा खडखडते तरी.

बदलायचा कधी, ते गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत पाहा. जे आधी भरेल ते धरायचं. आपण इथेच फसतो. गाडी वर्षाला पाच-सहा हजारच फिरते, म्हणून बेल्ट नवाच वाटतो. पण रबर उष्णतेने उभ्या गाडीतही कडक होतं. त्यात ऑइल किंवा कूलंट गळून बेल्टवर पडत असेल तर मुदत भरायचीही वाट बघू नका.

सेकंडहँड गाडी घेताना मालक म्हणतो, “बेल्ट बदललाय.” बिल मागा, आणि त्यावर कोणता बेल्ट लिहिलाय ते वाचा. बाहेरून दिसणारा, पावसात किंचाळणारा तो फॅन बेल्ट. तो बदलून टायमिंगचं काम झालं असं होत नाही. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजून आधी बदलून घ्या. काही डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो फक्त किलोमीटर मोजतो, आणि बेल्ट न बदलता रीसेटही करता येतो.

काम करताना नुसता पट्टा टाकू नका. टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगसह पूर्ण किट बसवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबतच, नाहीतर पंप गळाला की सगळी मजुरी पुन्हा. बेल्ट बसल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे मिस्त्रीला तुमच्यासमोर बघायला सांगा. चांगला मिस्त्री न सांगताही करतो. तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा, बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हंगामाच्या गर्दीत गॅरेजला वेळ मिळत नाही, तेव्हा मुदत जवळ आली असेल तर हे काम आधीच उरका.

आणि रस्त्यात इंजिन एकदम बंद पडलंच, तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. घाबरू नका, जोर लावून गाडी बाजूला घ्या. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला तर बेल्ट गेल्याची शंका घ्या. पुन्हा पुन्हा चावी मारू नका, ढकलून तर मुळीच चालू करू नका. गिअर न्यूट्रल ठेवून गाडी ओढून गॅरेजला न्या.