केटलबेल-क्रीडेतील दुर्बल अंगाचा विचार

केटलबेल म्हणजे वरच्या बाजूस मूठ असलेला लोखंडी गोळा. रशियात त्यास ‘गीर्या’ म्हणतात. ‘पूड’ हे तेथील जुने वजनी माप सुमारे १६.३८ किलोग्रॅमचे होते. स्पर्धेतील १६, २४ व ३२ किलोग्रॅमचे गोळे अनुक्रमे एक, दीड व दोन पुडांच्या जवळपास भरतात, ते याच परंपरेमुळे. १९८५ साली लिपेत्स्क येथे सोव्हिएत संघातील पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि या खेळास नियमबद्ध स्वरूप आले.

या क्रीडेत एकदाच किती भार उचलला, यास महत्त्व नाही. ठरावीक भार दहा मिनिटांत किती वेळा उचलला, याची गणना होते. ‘जर्क’ प्रकारात पुरुष स्पर्धक दोन गोळे छातीपासून डोक्यावर नेतो; ‘स्नॅच’मध्ये एकच गोळा पायांमधून झोका देऊन थेट वर नेला जातो व पारंपरिक नियमानुसार हात एकदाच बदलता येतो. गोळा जमिनीवर टेकला की प्रयत्न संपला.

या शेवटच्या नियमातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. पाय, पाठ, श्वास, खांदा व पकड यांपैकी जे अंग प्रथम थकते, ते इतर सर्वांचा खेळ थांबविते. समजा, एखाद्या स्पर्धकाचा उजवा हात ९० स्नॅच करू शकतो, पण डावा ५० वरच सुटतो. त्याने पायांचे बळ कितीही वाढविले, तरी डाव्या हाताची पकड सुटण्याचा क्षण त्यामुळे फारसा लांबणार नाही. तरीही बलवान अंगाचाच सराव मनुष्यास प्रिय असतो. कारण तेथे आकडे सुखावतात, आणि दुर्बल अंगाच्या सरावात प्रत्यही पराभव पत्करावा लागतो.

मात्र दुर्बलता कोठे आहे, याचे निदान आधी व्हावयास हवे. श्वास शांत असता मूठ उघडली, तर दोष पकडीत आहे. मूठ शाबूत असता धाप लागली, तर दोष दमात अथवा गतीच्या नियोजनात आहे. हलका गोळा दहा मिनिटे सहज चालतो, परंतु जड गोळा दोन मिनिटांतच जड जातो, तर बळाची उणीव संभवते. जर्कमध्ये विसावा घेताना कोपर कमरेच्या हाडावर टेकत नसतील, तर भार पायांवर न उतरता हातांनाच तोलावा लागतो. मग विश्रांतीचा काळही श्रमाचा होतो. तेथे शक्तीपेक्षा लवचिकतेचा व शरीराच्या ठेवणीचा प्रश्न असतो. प्रत्येक मिनिटाची आवर्तने लिहून ठेवल्यास घसरण कोठे सुरू होते, हे स्पष्ट दिसते.

निदान झाल्यावर त्या अंगास सरावाच्या आरंभी, शरीर ताजे असता, स्थान द्यावे. दुर्बल हाताने हलका गोळा घेऊन दीर्घ आवर्तने करावीत. गोळा खाली येताना मूठ करकचून न आवळता तो बोटांच्या आकड्यात झेलण्याचा अभ्यास करावा. कारण पकड बहुधा उतरत्या झोक्यातच खर्ची पडते.

या तत्त्वासही मर्यादा आहेत. प्रत्येक उणीव अडथळा ठरतेच असे नाही. जी आवर्तने थांबविते, तीच प्रथम विचारात घ्यावी. हातांच्या व धडाच्या लांबीचे प्रमाण सरावाने बदलत नाही. अशा स्पर्धकाने कमरपट्ट्याचा आधार घ्यावा किंवा आपल्या बांध्यास अनुकूल प्रकार निवडावा, हेच श्रेयस्कर. शिवाय बलवान अंगाचा सराव अजिबात सोडल्यास कमावलेले बळही ओसरते. ते टिकेल इतका सराव चालूच ठेवावा लागतो. स्पर्धा अगदी जवळ आली असता नव्या सुधारणेस हात घालणेही इष्ट नव्हे.

एक उणीव दूर होताच दुसरी पुढे येते. म्हणून हे निदान एकदाच करून भागत नाही. डाव्या हाताची पकड सुधारली की कदाचित श्वास प्रथम हार मानील. मग लक्ष तेथे वळवावे लागेल. सामर्थ्यामुळे आवर्तनाचा आरंभ झोकात होतो. परंतु ते दहाव्या मिनिटापर्यंत चालेल की नाही, हे दुर्बल अंगच ठरविते.