मराठी मुक्कामांचा रस्ता : विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासाचे एक वाचन

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण सहसा १८५७च्या बंडाची हकिकत म्हणून वाचतो. झाशीचा वेढा आणि कत्तल यांची वर्णने इतकी प्रभावी आहेत की पुस्तकाच्या नावातला प्रवास मागे पडतो. मी त्यातले मुक्काम नकाशावर क्रमाने मांडून पाहिले. पेणजवळच्या वरसई गावचा, कर्जाने गांजलेला एक भिक्षुक कशाच्या भरवशावर इतक्या लांब पायी निघतो, हे मला समजून घ्यायचे होते.

निघण्याचे निमित्त सर्वज्ञात आहे. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने १८५७ साली विष्णुभट आपल्या काकांबरोबर निघाले. त्याआधी वर्षभरच आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली होती. पण उत्तरेकडे जाणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता.

नकाशावर मुक्काम पाहिले की भरवशाचे उत्तर मिळते. धारला पवार, इंदुरास होळकर, उज्जैन आणि ग्वाल्हेरीस शिंदे, झाशीस नेवाळकर. अठराव्या शतकात मराठी फौजा ज्या वाटांनी गेल्या, त्या वाटांवर मागाहून कारकून, पुराणिक, वैदिक, सावकार यांची घरे वसली. दक्षिणी ब्राह्मणाला तिथे बिऱ्हाड मिळे, पंक्तीला पान मिळे, ओळखीतून अनुष्ठान मिळे. एका दरबारातली ओळख पुढच्या दरबारात कामी येई. हा रस्ता दगडमातीपेक्षा आश्रयाचा होता. प्रवासातले चढउतारही त्याच हिशेबाने येतात: आश्रय शाबूत तिथे चार पैसे गाठीला लागतात, दोन आश्रयांच्या मधल्या पट्ट्यात जिवाची धाकधूक असते.

महूजवळ शिपायांनी येऊ घातलेल्या बंडाची वार्ता त्यांना सांगितली. परत फिरण्याचा विचार तेव्हाही करता आला असता. पण मागे कर्ज होते आणि पुढे ओळखीची दारे होती. ते पुढेच गेले. मिळालेली दक्षिणा रोख आणि अंगावर. ती जितकी वाढे तितकी वाट धोक्याची होई.

झाशीत हा आधार मुळापासून तुटला. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज फौज शहरात शिरली. पुढच्या लुटीलाही क्रम होता, असे गोडसे सांगतात: आधी सोनेनाणे, मग भांडी, कपडे, धान्य. काका-पुतण्यांची कमाई त्यात गेली. पण माझ्या मते या प्रवासाची खरी उलथापालथ त्यानंतर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी आहे. तिथे राणी त्यांना भेटते, तहानलेली, धुळीने माखलेली. विष्णुभट पाणी काढून देऊ लागतात, तर त्या विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच पाणी काढते. आश्रय देणारी आणि आश्रय मागणारा, दोघेही बेघर. ज्या व्यवस्थेवर हा रस्ता उभा होता ती त्या विहिरीपाशी संपलेली दिसते. तिचा शिष्टाचार तेवढा उरला आहे.

पुढे तीर्थयात्रा झाली. कर्ज फेडायला निघालेला मुलगा गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. प्रवासाचा हेतू द्रव्याकडून पुण्याकडे वळला, कारण द्रव्य देणारी दारेच एकेक करून बंद होत गेली होती.

१८७०मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि उत्तरेस पायी जाण्याचे कारण राहिले नाही. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी आठवणी लिहिल्या. त्या १९०७ साली प्रसिद्ध झाल्या. वैद्यांनी त्यांत बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ साली आली. मुक्कामांचा असा शोध घ्यायचा तर तीच हाताशी ठेवावी. बंडाचा इतिहास इतर कागदांतही सापडतो. कोकणापासून बुंदेलखंडापर्यंत मराठी माणसाला दाराशी ओळख सांगून जेवता येत होते, हे मात्र एका सामान्य वाटसरूने पायी चालून नोंदवून ठेवले, आणि तेही ती दारे मिटत असताना.