हवेत बुरशी सापडली. पण दमा तिच्यामुळेच का?

ऑक्टोबरात लातूर-नांदेडकडे सोयाबीनच्या राशी सुरू होतात. मळणी यंत्राजवळ थांबलं की नाक चोंदतं, डोळे खाजतात, ज्याला दमा आहे त्याला धाप लागते. लोक म्हणतात, ‘भुसकटाची ॲलर्जी.’ पण त्या धुळीत पानांवर, शेंगांवर वाढलेल्या बुरशीचे बीजाणूही असतात. या विषयावर पीएच.डी. करायचा विचार असेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: बीजाणू हवेत असणं आणि त्यांनी आजार होणं, हे दोन वेगळे दावे आहेत.

आधी शरीरात काय होतं ते बघू. काही लोकांच्या शरीरात बीजाणूंमधल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा तोच बीजाणू आला की या पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंका, सूज, श्वासनलिका आवळणं. बीजाणूचा आकारही महत्त्वाचा. अस्परजिलस फ्युमिगेटसचा बीजाणू २ ते ३ मायक्रोमीटरचा, म्हणून तो फुप्फुसात खोलवर जातो. अल्टरनेरियाचा २० मायक्रोमीटरहून मोठा. तो बहुतेक वेळा नाकातच अडकतो. पण त्याचे तुकडे झाले तर तेही ॲलर्जी करू शकतात.

आता मोजणी. मराठवाड्यात हे काम नवं नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले एस. टी. टिळक यांनी कुलकर्णींसोबत बनवलेल्या हवा-नमुना यंत्राची माहिती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. हे ‘टिळक एअर सॅम्पलर’ विजेवर चालतं, मिनिटाला ५ लिटर हवा ओढतं आणि फिरत्या ड्रमवरच्या चिकट पट्टीवर आठ दिवसांचे बीजाणू जमा करतं.

हिशोब साधा आहे. दिवसाची १४४० मिनिटं गुणिले ५ म्हणजे ७२०० लिटर, अर्थात ७.२ घनमीटर हवा. समजा, तुम्ही दिवसाच्या पट्टीचा दहावा भाग तपासला आणि ३६० बीजाणू मिळाले. म्हणजे पूर्ण पट्टीवर अंदाजे ३६००, भागिले ७.२, म्हणजे घनमीटरला ५००. पण शेतात सहा तास लाइट गेली असेल तर हवा ५.४ घनमीटरच ओढली गेली. तोच आकडा आता ६६७ होतो! म्हणून भारनियमनाची नोंद वहीत हवीच.

यंत्राच्या मर्यादाही लक्षात घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली अस्परजिलस आणि पेनिसिलियमचे सुटे गोल बीजाणू वेगळे ओळखता येत नाहीत. पेट्री डिशवर वाढवले तर ओळख पटते, पण तिथे फक्त जिवंत आणि त्या माध्यमावर वाढणारेच दिसतात. मेलेला बीजाणूसुद्धा ॲलर्जी करू शकतो, तो मात्र सुटतो. वेळेचंही तसंच. अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी वाढतात. काही बुरशींचे बीजाणू पावसानंतर किंवा रात्रीच्या दमट हवेत सुटतात. रोज सकाळी दहा वाजताच डिश उघडून ठेवली, तर चित्र अर्धवटच मिळणार.

मग आजाराशी संबंध कसा दाखवायचा? त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली तर शरीर त्या बुरशीला ओळखतं इतकंच कळतं. त्रास तिच्यामुळेच होतो हे नाही. १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. दम्याने श्वास थांबण्यापर्यंत वेळ आलेल्या ११ तरुण रुग्णांपैकी १० जणांची अल्टरनेरियाची चाचणी पॉझिटिव्ह होती. या आकड्याला वजन कशामुळे आलं? श्वास बंद न पडलेल्या ९९ दमेकऱ्यांशी केलेल्या तुलनेमुळे. त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्केच होतं. तुलनागट नसता तर ‘११ पैकी १०’ याचा अर्थ लावणंच अवघड होतं.

म्हणून आराखड्यात तीन धागे ठेवा: त्या ठिकाणची रोजची हवेतली मोजणी, रुग्णांची चाचणी आणि त्यांच्या त्रासाची तारीखवार नोंद. रुग्ण आले की डॉक्टर सोबत हवेत आणि नैतिकता समितीची परवानगीही. एवढं जमत नसेल तर शीर्षकात ‘ॲलर्जीचे कारण’ लिहू नका. ‘हवेतील बुरशीचे ऋतुमानानुसार प्रमाण’ लिहा. तोही प्रबंध खरा आणि उपयोगाचा असतो. पुढे एखादा डॉक्टर तुमच्या आकड्यांवरून राशीच्या दिवसांत कुणाला जपायचं ते ठरवेल, त्यामुळे आकडा जेवढं सांगतो तेवढंच लिहा.