उसवलेला खांदा

गेल्या दिवाळीत मामांनी फळीवरचा चकलीचा डबा काढायला उजवा हात वर केला आणि तो खांद्यापाशीच अडकला. डबा मामींनी काढला; पण मग चकलीत कोणाचेच लक्ष राहिले नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. मामांचा जन्म गेला सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. चादरींचे गठ्ठे उचलता उचलता खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जखडणारी पांढरी चिवट दोरी, हाडापासून सुटली. डॉक्टरांनी ती पुन्हा हाडाला टाचली. आता नवी तपासणी सांगत होती की, ती परत सुटली आहे.

"काय बे मास्तर," मामा मला म्हणाले, "जन्मभर शास्त्र शिकवलंस. दोरा चांगला, टाका चांगला, मग उसवलं कसं?"

मी म्हटले, "मामा, विटक्या धोतराला जाड ठिगळ लावलं तर ते कुठं फाटतं?"

"ठिगळाच्या कडेला. हे काय विचारणं झालं?"

तेच तर! मऊ कापड ताणते, जाड ताणत नाही, आणि सारा ओढा त्या एका रेषेवर येतो. हाड कंडरेपेक्षा पन्नास ते शंभर पट ताठ असते. म्हणून निसर्ग मुळात रेषाच ठेवत नाही. जेमतेम मिलिमीटरभर जागेत आधी कंडरा, मग कूर्चेसारखा थर, मग त्याच थरात चुन्याचे खनिज मिसळत जाते आणि शेवटी हाड लागते. त्यातही खनिजाचा थर हाडाशी सरळ रेषेत चिकटवलेला नसतो, तर दातेरी कडेने गुंतलेला असतो. इरकली लुगड्यात पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांत फासे घालून अडकवतात ना, त्याची आठवण व्हावी.

टाक्याने ही जागा परत येत नाही. शरीर तिथे नुसता व्रण भरते. यात शस्त्रवैद्याचा दोष नाही. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉक्टरांनी खांद्याच्या मोठ्या फाटींवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केलेले १८ रुग्ण पुढे तपासले. १७ जणांची कंडरा पुन्हा सुटलेली निघाली! हे त्यांनी २००४ साली स्वतःच छापले, याचे मला फार कौतुक वाटते.

त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. शरीरात हळूहळू विरून जाणाऱ्या प्लास्टिकचे द्रावण सुईतून सोडायचे आणि हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाने त्याचा केसाहून कितीतरी पट बारीक तंतू ओढायचा. त्या तंतूंचे कापड भांड्यात तिरपे उभे करून खनिजाचे पाणी सावकाश चढवत न्यायचे. खालची कड जास्त वेळ भिजते, म्हणून तिथे खनिज दाट, वर विरळ. एक टोक हाडाच्या वळणाचे, दुसरे कंडरेच्या.

मामा ताडकन उठून बसले. "अरे, हे तर रंगाऱ्याचं काम! लड रंगात जितकी जास्त वेळ, तितका रंग गडद."

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत इतका चटकन समजणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला.

"मग ते कापड माझ्या खांद्यात कधी बसणार?"

इथे मला खोटे बोलता आले असते. पण कापड विणणे एक आणि ते जिवंत अंगाने आपले म्हणणे दुसरे. उंदरांच्या खांद्यात असे कापड पेशींसह बसवून पाहिल्याचा वृत्तांत २०१५ साली आला. तिथेही व्रणच वरचढ ठरला. ते सारे मी मामांना सांगितले. मामी मधेच आत निघून गेल्या.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मामांनी विचारले, "त्या सतरा जणांचं दुखणं कसं होतं रे?"

प्रश्न नेमका होता. वर्षानंतर बहुतेकांचे दुखणे बरेच कमी झाले होते आणि हातही चालत होता. पुढे तो लाभ थोडा ओसरला.

दुसरी शस्त्रक्रिया सध्या नको, असे मामांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले. दाराच्या चौकटीला कप्पी टांगली आहे. रोज सकाळी दोरीने हात वर नेतात, दात-ओठ खात मोजतात. चकलीचा डबा मामींनी खालच्या फळीवर आणून ठेवला. ते मात्र मामांना अजून रुचलेले नाही.