मंगळवारची टीम

मंगळवारी दुपारी सरावाच्या मैदानात एक सहायक कोच कागदांची जाड चळत घेऊन उभे असतात. प्रत्येक कागदावर शुक्रवारी समोर येणाऱ्या संघाची एक चाल काढलेली असते: अकरा वर्तुळं, त्यांतून निघालेले बाण, आणि ज्याच्या हाती चेंडू जाणार त्याचं वर्तुळ लाल मार्करने भरलेलं. जाळीच्या पिवळ्या बंड्या घातलेली मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करतात, कागदाकडे पाच-सात सेकंद टक लावून बघतात, एखादा आपल्या वर्तुळावर बोट ठेवून खात्री करून घेतो, आणि सगळे धावत रेषेवर जातात. चेंडू सुटतो. समोरून शाळेचा पहिला संघ अंगावर येतो. शिट्टी वाजते, आणि मुलं अंग झटकून परत येईपर्यंत पुढचा कागद वर झालेला असतो.

ही हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाची स्काउट टीम. शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात यांच्यापैकी बहुतेक जण अख्खा सामना कडेच्या रेषेवर उभं राहून बघतात. त्याआधीचे चार दिवस मात्र ते दुसऱ्याच शाळेचे खेळाडू असतात. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक डावखुरा असला की स्काउट टीमसाठी डावखुरा पोरगा शोधला जातो. त्यांचा एखादा डिफेन्सिव्ह एंड चेंडू सुटण्याच्या क्षणी आत वळत असेल, तर आमच्या एखाद्या दहावीतल्या मुलाला आठवडाभर तसंच आत वळावं लागतं. जितकं हुबेहूब वळेल तितका आपला टॅकल शुक्रवारी सावध.

डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो, तिथे नोकरीनिमित्त आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतली मुलं बहुतेक टेनिस, पोहणं, नाहीतर शाळेच्या बँडमध्ये दिसतात. आमचा मुलगा अंगापिंडाने दणकट; तो नववीत अमेरिकन फुटबॉलकडे गेला आणि बराच काळ याच पिवळ्या बंडीत राहिला. पालकांच्या बूस्टर क्लबतर्फे मी पाण्याची आणि गुरुवारच्या जेवणाची व्यवस्था बघायचे, त्यामुळे सरावाचं मैदान कुंपणाच्या आतून पाहायला मिळालं. पाहता पाहता माझं एक मत पक्कं होत गेलं. दोन-तीन असामान्य पोरं लाभली की एखादं वर्ष सोन्यासारखं जातं. पण दरवर्षी प्लेऑफपर्यंत जाणारा संघ न खेळणाऱ्या पोरांच्या जिवावर उभा असतो.

टेक्सासच्या सरकारी शाळांना खेळाडू निवडून आणता येत नाहीत, ही यातली कळीची गोष्ट. शाळेच्या हद्दीत जी घरं, त्या घरांतली जी मुलं, त्यांच्यावरच भागवायचं. राज्यातल्या शालेय स्पर्धा चालवणारी यूआयएल ही संस्था दर दोन वर्षांनी पटसंख्या मोजून शाळांचे गट आणि जिल्हे नव्याने पाडते. सर्वांत मोठा गट 6ए. म्हणजे कोचच्या हाती दरवर्षी एक तुकडी पदवी घेऊन निघून जाणार, दर दोन वर्षांनी प्रतिस्पर्धी बदलू शकणार, आणि नवीन मुलं कोणती येणार हे ठरणार घरांच्या खरेदी-विक्रीवर. यातलं काहीच हातात नसलेला माणूस काय करू शकतो? आलेल्या मुलाला लवकरात लवकर शिकवायला घेऊ शकतो, आणि तो कंटाळून सोडून जाणार नाही असं बघू शकतो.

पैशाने हे होतं असं बाहेरच्यांना वाटतं. टेक्सासमधली स्टेडियमं पाहिली की तसं वाटणं साहजिक आहे. आमच्या भागातल्या ॲलन गावाने 2012 मध्ये हायस्कूलसाठी सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून 18,000 आसनांचं स्टेडियम उभारलं. 2014 च्या सुरुवातीला काँक्रीटला तडे गेल्यामुळे ते बंद करावं लागलं आणि त्या वर्षीचा मोसम संघाने दुसऱ्यांच्या मैदानांवर काढला. तरी ॲलन त्या वर्षी एकही सामना न हरता राज्यविजेता ठरला, सलग तिसऱ्यांदा. क्वार्टरबॅक होता कायलर मरे, जो पुढे 2019 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. असा मुलगा पिढीतून एकदा येतो, हे खरंच. पण त्याच्यापुढे उभी राहून त्याला वेळ मिळवून देणारी पाच लाइनमनांची भिंत ड्राफ्टमधून मिळत नाही. ती सातवीपासून घडवावी लागते.

सातवी म्हणजे इथे मिडल स्कूल. सातवी-आठवीचे शालेय संघ असतात, त्यांच्या 'ए' आणि 'बी' टीम असतात. आमच्या हायस्कूलला ज्या मिडल स्कूलमधून मुलं येतात तिथे चालींची नावं हायस्कूलचीच. बारा वर्षांचं पोरगं 'झोन राइट' ऐकून जे पाऊल टाकतं, तेच पाऊल त्याला सतराव्या वर्षी टाकायचं असतं. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला कुस्ती धरायला लावण्याआधी आखाड्याची माती उकरायला आणि जोर-बैठका काढायला लावतात, त्यातला प्रकार. डाव नंतर. हायस्कूलचे मुख्य कोच सातवीच्या 'बी' टीमच्या सामन्याला येऊन बसतात आणि मुलांना नावाने हाक मारतात. एरवी कोणाच्या लक्षात न येणाऱ्या मुलाला शाळेच्या मुख्य कोचने नाव घेऊन हाक मारली, तर तो पुढच्या वर्षी परत येणारच.

त्या एका पावलाबद्दल सांगायला हवं. ऑफेन्सिव्ह लाइनच्या सरावासाठी मैदानाच्या कडेला लोखंडी नळ्यांचा एक बुटका मांडव आहे. त्याला चूट म्हणतात. त्याचं छत इतकं खाली की मोठ्या अंगाच्या मुलाला गुडघ्यांत वाकूनच पुढे सरकावं लागतं. मान उंचावली की हेल्मेट नळीवर आपटून खणकन आवाज होतो. खाली दोन पायांच्या मधोमध एक लाकडी फळी ठेवतात, पाय जवळ येऊ नयेत म्हणून. शिट्टी झाली की लाइनमनने पहिलं पाऊल टाकायचं, ते जेमतेम सहा इंचांचं. लांब पाऊल टाकलं तर एक पाय हवेत असतानाच समोरच्याची धडक बसते आणि मग शंभर किलोचा मुलगाही मागे फेकला जातो. सहा इंच टाकलं की धडकेच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर. हात आतून, छातीच्या पट्ट्यांवर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. लाइन कोच गुडघ्यावर बसून फक्त पावलांकडे बघतात. "अगेन," म्हणतात. मुलगा मागे जाऊन पुन्हा वाकतो. कुंपणापाशी बसून हे बघताना मला आधी वाटायचं, एवढी मोठी पोरं, यांना रोज हेच? पण नोव्हेंबरात तिसऱ्या प्लेऑफ सामन्यात, पाय थकलेले, गुण बरोबरीत आणि तीन यार्ड हवेत, तेव्हा मुलांचं डोकं चालत नाही. पाऊल चालतं.

हे लाइन कोच सकाळी जगाचा इतिहास शिकवतात. टेक्सासमध्ये सरकारी शाळेचा कोच शाळा-जिल्ह्याचा पूर्णवेळ कर्मचारीच असावा लागतो, त्यामुळे बहुतेक कोच वर्गातले शिक्षक असतात. याचा फायदा 'नो पास, नो प्ले' या नियमाच्या वेळी होतो. 1984 च्या शिक्षण कायद्यातून तो आला. प्रगतिपुस्तकाच्या वेळी एखाद्या विषयात 70 च्या खाली गेलं की सामना बंद. आधी सहा आठवडे, 1995 पासून किमान तीन. सराव करता येतो, सामना खेळता येत नाही. पहिल्या संघातल्या मुलांच्या मार्कांवर सगळ्यांचीच नजर असते. आमचे कोच दर सोमवारी स्काउट टीममधल्या मुलांचे मार्कही तितक्याच बारकाईने बघतात आणि सकाळी सातला शिकवणीला बसवतात. न खेळणारा मुलगा बीजगणितात नापास झाला तर शुक्रवारच्या निकालात काही फरक पडत नाही. मुलाच्या लेखी मात्र आपण मोजले जातो की नाही, याचा निकाल लागतो.

आठवड्याचा आराखडा ठरलेला. शनिवारी सकाळी आदल्या रात्रीच्या सामन्याचं चित्रण, रविवारी फक्त कोचांची बैठक, कारण यूआयएलच्या नियमानुसार रविवारी मुलांचा सराव घेता येत नाही. स्काउटचे कागद त्या बैठकीत तयार होतात. शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावालाही आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे, म्हणून मिनिट-मिनिट आखलेलं. गुरुवारी हलका सराव आणि मग कॅफेटेरियात जेवण. आमच्याकडे पद्धत अशी की पहिली ताटं स्काउट टीमची. बारावीतली मुलं, ज्यांची नावं शुक्रवारी लाउडस्पीकरवरून पुकारली जातात, ती वाढायला उभी. ब्रिस्किट, मक्याचे दाणे, पाव. एकदा मी मसालेभात नेला तर लाइनमनांनी पातेलं रिकामं केलं. जेवणं झाली की मुख्य कोच त्या आठवड्यातल्या सर्वोत्तम स्काउट खेळाडूचं नाव सांगतात आणि तो का, हेही सांगतात. "चार कागदांपैकी चारही वेळा तो त्यांच्या सत्तावन्न नंबरसारखा आत वळला," इतकं नेमकं.

या सगळ्याचा सर्वांत मोठा दाखला टेक्सासचा नाही, कॅलिफोर्नियाचा आहे. काँकर्ड गावच्या डी ला साल या मुलांच्या कॅथलिक शाळेत बॉब लॅडुसर 1979 मध्ये मुख्य कोच झाले. तोवर शाळेच्या संघाचा एकही मोसम पराभवांपेक्षा जास्त विजयांचा गेला नव्हता. पुढे 1992 ते 2003 या काळात हा संघ सलग 151 सामने जिंकला. 2004 मध्ये सिॲटलला बेलव्ह्यूच्या संघाने ती मालिका तोडली. लॅडुसर थांबले तेव्हा खात्यावर 399 विजय, 25 पराभव आणि 3 बरोबऱ्या होत्या. खासगी शाळेला हद्दीचं बंधन नसतं, हा त्यांच्यावरचा आक्षेप रास्तच आहे. पण 151 सामन्यांत मुलांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या, आणि वर्षानुवर्षं आक्रमणाची पद्धत तीच, 'व्हीर'. संरक्षणाचे सूत्रधार टेरी आयडसनही कायम सोबत. तिथे प्रत्येक मुलगा आठवड्याला एका कार्डावर आपली उद्दिष्टं लिहायचा, सरावातली, व्यायामातली, सामन्यातली, आणि ती संघासमोर एका सहखेळाडूला वाचून दाखवायचा. नंतर ती पाळली की नाही, हे त्या सहखेळाडूने बघायचं. कोचने धाक घालण्यापेक्षा हे कितीतरी कठीण. सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला उत्तर द्यायचं असतं.

आई म्हणून एक गोष्ट मात्र मी कधी विसरले नाही. सरावातल्या धडका जास्तीत जास्त कोण खातं? स्काउट टीमच. पहिल्या संघाची धार ज्यांच्यावर लावायची, ती ही मुलं, बहुतेक वेळा वयाने आणि वजनाने लहान. यूआयएलने 2013 पासून सरावातली पूर्ण धडकाधडकी आठवड्याला प्रत्येक खेळाडूमागे 90 मिनिटांवर आणली. मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, असा टेक्सासचा 2011 चा कायदा आहे. नियम चांगले आहेत, पण मैदानावर ते पाळतो कोण, यावर सगळं अवलंबून. आमच्या सरावात बराचसा वेळ 'थड' चालतं: पूर्ण वेगाने भिडायचं, पण खाली पाडायचं नाही. एका बुधवारी पहिल्या संघातल्या एका लाइनबॅकरने स्काउट टीमच्या धावणाऱ्या मुलाला मुद्दाम उचलून आपटलं. मुख्य कोचांनी सराव थांबवला. आरडाओरडा केला नाही. त्या लाइनबॅकरची जर्सी काढून त्याला पिवळी बंडी दिली आणि उरलेला सराव कागदासमोर उभं केलं. तो मुलगा जिल्ह्यातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होता आणि शुक्रवारचा सामना अवघड होता. माझ्या मते त्या मोसमातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तो होता, आणि त्याची नोंद कुठल्याही गुणतक्त्यात नाही.

आमचा मुलगा बाराव्या इयत्तेत लेफ्ट गार्ड म्हणून खेळला. कॉलेजात तो फुटबॉल खेळला नाही, इंजिनीअरिंग केलं. त्याच्या तुकडीतले निम्म्याहून जास्त जण कधीच पहिल्या संघात आले नाहीत. त्यांतला एक आता आमच्याच मिडल स्कूलमध्ये शिकवतो आणि सातवीच्या 'बी' टीमचा कोच आहे. मी अजून बूस्टर क्लबचं काम बघते.

पुढच्या वर्षी शेजारी नवं हायस्कूल उघडणार आहे. हद्द कापली जाईल, आणि ज्या मिडल स्कूलमधून आमचे निम्मे लाइनमन येतात ती शाळा तिकडे जाईल अशी चिन्हं आहेत. हे कळल्यावर पालकांच्या सभेत बरीच गरमागरमी झाली. कोणीतरी विचारलं, मग तिथल्या मुलांवर आता मेहनत कशाला घ्यायची? मुख्य कोच म्हणाले, "ती आठवीत आहेत, मॅम. ती कुठे खेळणार ते त्यांच्या घराच्या पत्त्यावर ठरेल. पहिलं पाऊल त्यांना यायलाच हवं." लाइन कोच अजून दर गुरुवारी लाकडी फळ्या पिकअपमध्ये टाकून त्या शाळेत जातात.