गप्प बसलेलं दुखणं

हॅरो, लंडन

जोगेश्वरीहून इकडे शिकायला किंवा नोकरीला येणारी मुलं घरभाडं, थंडीचे कपडे, भारतीय किराणा या सगळ्याची चौकशी करून येतात. इस्पितळाबद्दल मात्र एवढंच ऐकलेलं असतं की इथे सरकारी उपचार फुकट मिळतात. ते पुरतं खरं नाही. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला १०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना ७७६. पण एकदा तो भरला की इस्पितळाच्या दारात कुणी पैसे विचारत नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. अपरात्री पेशंटला न्यायचं तर आधी डिपॉझिटची जुळवाजुळव करायची, ही आपल्याकडची धाकधूक इथे नाही. तरीही एक दुखणं असं आहे की ते घेऊन इथल्या इमर्जन्सीत गेलेली माणसं बरेचदा रडवेली होऊन परत येतात. ते म्हणजे अर्धशिशी. अधूनमधून उठणारी नव्हे, कायम मुक्कामाला आलेली. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान आठ दिवस मायग्रेनचे असतील, तर डॉक्टर तिला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. मला ती आहे.

इथल्या कॅज्युअल्टीला ‘ए अँड ई’ म्हणतात. रिसेप्शनवर नाव आणि जन्मतारीख सांगायची, मग नर्स बोलावते आणि तुमचा नंबर कितवा ते ठरवते. यालाच ट्रायाज म्हणतात. अनेक इस्पितळांत त्यासाठी १९९०च्या दशकात मँचेस्टरमध्ये तयार झालेली पाच रंगांची पद्धत वापरतात. लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. कागदावर ही पद्धत अर्धशिशीवर अन्याय करत नाही. तीव्र वेदना असेल तर नारिंगी रंग मिळायला हवा, असंच ती सांगते. प्रश्न वेदना तीव्र आहे हे ठरवायचं कसं, हा आहे. नर्स शून्य ते दहामधला आकडा विचारते आणि तुमच्याकडे बघते. मुतखड्याचा पेशंट तळमळतो, खुर्चीत बसू शकत नाही. अर्धशिशीचा पेशंट मात्र हलत नाही, बोलत नाही, कारण मान वळवली तरी कळ वाढते. डोळे मिटून, भिंतीला टेकून तो गप्प बसतो. त्याने ‘नऊ’ सांगितलं तरी बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही. हे दुखणं जितकं वाढतं तितकं माणसाला गप्प करतं, आणि गप्प माणूस रांगेत मागे जातो. माझं सगळं गाऱ्हाणं इथे आहे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रात्रीचं सांगते. उलट्या थांबत नव्हत्या, म्हणून नवरा मला घेऊन गेला. इस्पितळाचं नाव महत्त्वाचं नाही, कारण जे घडलं ते इथे कुठेही घडतं. डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटची रांग, समोर प्रतीक्षेची वेळ दाखवणारा पडदा, हातात राखाडी पुठ्ठ्याचं उलटीचं भांडं. मी ओढणी डोळ्यांवर बांधून बसले होते. नवऱ्याने कुठे अंधारी जागा आहे का म्हणून विचारलं, तर नर्स म्हणाली, पेशंट आम्हाला दिसला पाहिजे. पुष्कळ वेळाने तरुण डॉक्टर आले. डोळ्यांत टॉर्च मारला, हात ढकलायला लावले, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. मग म्हणाले, “तपासणी नॉर्मल आहे. पॅरासिटामॉल घेतली का? सकाळी तुमच्या जीपीला फोन करा.” जीपी म्हणजे इथला नाव नोंदवलेला फॅमिली डॉक्टर. पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता, हे आम्ही आधीच सांगितलं होतं.

त्या डॉक्टरांनी जे तपासलं ते बरोबरच होतं, हे मी मनापासून लिहिते. काही डोकेदुख्या जीव घेतात. पाच मिनिटांच्या आत एकदम शिगेला पोचणारी, तापासोबत मान आखडणारी, हातपाय लुळे पडणारी, वाचा जाणारी, अपघातानंतरची, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, गरोदरपणातली. अशा वेळी घरी थांबायचं नाही, लगेच इस्पितळ गाठायचं. ए अँड ई या धोक्यांसाठी बांधलेली आहे आणि ते काम ती चोख करते. पण धोका नाही असं दिसलं की तिथला प्रश्न संपतो. ज्याचं डोकं फुटतंय त्याचा प्रश्न तेव्हाच सुरू झालेला असतो.

आणि या प्रश्नाला औषध नाही असंही नाही. मायग्रेन उठलं की जठराचं काम मंदावतं, गिळलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून गोळीवर गोळी देण्यात अर्थ नसतो, औषध शिरेतून किंवा सुईने द्यावं लागतं. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ साली डोकेदुखीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ साली खास इमर्जन्सीसाठी काढली. दोन्हींत मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं आहेत. आपल्याकडे ती पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल या नावांनी उलटीची औषधं म्हणून माहीत आहेत, पण ती डोकेदुखीवरही काम करतात. इथे कुणी ‘उलटीचं इंजेक्शन’ पुढे केलं तर आपली बोळवण केली असं मानू नका, ते योग्य औषध आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं ते नाकारतात, तेही बरोबर आहे. त्यांनी अर्धशिशी पुढे बळावते. खटकतं ते एवढंच की नकार देताना समोरचा माणूस नशेसाठी आला असावा, अशा नजरेने बघितलं जातं. दोन वाक्यांत कारण सांगितलं तर पेशंट समजून घेतो.

वहिनीला फोनवर हे सांगितलं तर ती वैतागली. “अहो वन्सं, एक सुई टोचायला काय जातं त्यांचं? इथे मेघवाडीत आमचे डॉक्टर पाच मिनिटांत मोकळं करतात.” खरं आहे तिचं. जोगेश्वरीत गल्लीतल्या दवाखान्यात गेलं की डायक्लोफेनॅकची सुई मिळते, रिक्षाने घरी येऊन माणूस झोपतो. त्या सुईची आठवण मला इथे अनेकदा आली आहे. पण दर आठवड्याला सुई का लागते, हे तिथे कुणी विचारत नाही. साधी वेदनाशामकं महिन्यातले पंधरा दिवस, आणि एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहाच दिवस, अशा तीन महिने घेतल्या की औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या स्ट्रिपवर वर्षानुवर्षं काढलेल्या किती बायका आपल्या चाळीत आहेत, ते प्रत्येकीने आठवून बघावं. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघर जाऊन पाहणी केली तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण साधारण चारात एक निघालं. महाराष्ट्रात ते फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. आणि २०१३ साली सुरू झालेल्या जोगेश्वरीच्या बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा इस्पितळात हायवेवरचे अपघात येत असताना डोकेदुखीवाली मागे राहणार, हेही उघड आहे. तिथे निदान कुणी तसं तोंडावर सांगतं. इथे सौम्य आवाजात, ‘आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट’ म्हणत बाजूला ठेवतात. सुरुवातीला ते कळतसुद्धा नाही.

बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं, हे आता सरकारनेही मान्य केलं आहे. २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारने स्त्रियांच्या आरोग्याबद्दल अनुभव मागवले. सुमारे एक लाख उत्तरं आली आणि त्यांत ८४ टक्के जणींनी लिहिलं की डॉक्टर-नर्सनी आपलं म्हणणं ऐकून घेतलं नाही, असे प्रसंग आले आहेत. आपल्या बायकांची त्यात आणखी एक अडचण असते. ऐन दुखण्यात इंग्रजी साथ सोडते. हुशार, नोकरी करणारी मुलगीसुद्धा ‘हेडेक, व्हेरी बॅड’च्या पुढे जाऊ शकत नाही. अशा वेळी दुभाषी मागावा. तो विनामूल्य असतो, फोनवरून मिळतो, आणि मराठीसाठीही मागता येतो. संकोच करू नये.

सकाळी जीपीला फोन करा, हे सांगायला सोपं आहे. आठ वाजता फोन उघडतात आणि थोड्याच वेळात त्या दिवसाच्या वेळा संपतात. जीपीने न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं तर अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, पण इंग्लंडने हे उद्दिष्ट शेवटचं गाठलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं २०१२ पासून सरकारी खर्चाने मिळतात, मात्र आधी निदान तीन प्रतिबंधक औषधं वापरून झालेली असावी लागतात. म्हणून आल्याबरोबर जीपीकडे नाव नोंदवा आणि कोणतं औषध कधीपासून कधीपर्यंत घेतलं, याची वही ठेवा. भारतातली औषधंही त्यात लिहा, नाहीतर मोजणी इथे शून्यापासून सुरू होते.

मला उपयोग झाला तो एका कागदाचा. त्या रात्रीबद्दल मी इस्पितळाच्या रुग्ण-मदत विभागाला, ज्याला इथे पाल्स म्हणतात, पत्र लिहिलं. दिलगिरीचं नम्र उत्तर आलं आणि विषय तिथेच मिटला. पण ते पत्र वाचून माझ्या जीपीने लेटरहेडवर एक पान लिहून दिलं: निदान काय, झटका आला की कोणतं औषध शिरेतून द्यावं, कोणतं देऊ नये, अंधारी जागा का हवी. पुढच्या वेळी तोंड न उघडता मी ते पान नर्सच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, उठली, आणि तपासणीच्या एका खोलीतला दिवा बंद करून मला तिथे झोपवलं. त्या पानावरचा मजकूर नवरा त्या पहिल्या रात्री तोंडाने सांगत होता, त्याहून वेगळा नव्हता.

आणखी एक. मायग्रेनवरचं सुमाट्रिप्टान हे औषध इथे २००६ पासून फार्मसिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, तो चार प्रश्न विचारून देतो. आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच जणींच्या पर्समध्ये व्हॅसोग्रेन असते, आणि तिच्यात एर्गोटामाइन असतं. ती घेतल्यावर चोवीस तास सुमाट्रिप्टान घ्यायचं नसतं, दोन्ही मिळून रक्तवाहिन्या धोकादायक रीतीने आकुंचन पावू शकतात. इथल्या डॉक्टरांना व्हॅसोग्रेन हे नाव माहीत असेलच असं नाही, तेव्हा स्ट्रिपच काढून त्यांच्यापुढे ठेवा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा.